जिन्यातला दिवा

मिरजेत माझं आजोळ. जुना वाडा, वर आम्ही, खाली भाडेकरू आणि मधे भर दिवसाही अंधारा असणारा लाकडी जिना. त्या जिन्यात दिवा एकच, पण बटणं दोन. एक खाली दारापाशी, दुसरं वर. रात्री शेवटी दिवा कोणी मालवायचा यावर कधीच एकमत झालं नाही. खालच्यांना वाटायचं वरचे मालवतील, वरच्यांना वाटायचं खालचे. कधी दोघंही आठवणीने उठायचे, मग एकाने मालवलेला दिवा दुसरा लावून जायचा. सकाळी तो जळता दिवा पाहून आजी दोन्ही मजल्यांचा यथेच्छ उद्धार करायची.

हा दिवा मला अचानक आठवला तो नोव्हेंबर 2013 मध्ये, मिनियापोलिसहून शिकागोला जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये.

झालं असं की पीएचडीतलं माझं पहिलंवहिलं भाषण दुसऱ्या दिवशी सकाळी होतं आणि शेवटच्या चार स्लाइड्स व्हायच्या होत्या. (कोणाच्या पूर्ण असतात?) लॅपटॉप नवा होता, स्कॉलरशिपच्या पैशातून साठवून घेतलेला. त्यावरचं विंडोज 8 बाजूला सारून मी मोठ्या अभिमानाने लिनक्स टाकलं होतं. बसमध्ये दिवे मालवले, सगळे झोपले, आणि माझा स्क्रीन मात्र लग्नाच्या मांडवातल्या हॅलोजनसारखा पेटलेला! उजेड कमी करायची कळ दाबली. स्क्रीनवर छोटी पट्टी उमटली, ती खाली खाली सरकत शून्यावर आली. उजेड तसूभरही हलला नाही. शेजारच्या बाईंनी दोनदा सभ्यपणे सांगितलं, तिसऱ्यांदा नुसतं पाहिलं. बॅटरीही त्या उजेडापायी भराभर उतरत होती. शेवटी झाकण मिटलं आणि उरलेल्या स्लाइड्स मोबाइलच्या उजेडात वहीवर लिहून काढल्या. भाषण जेमतेम झालं. असो.

परत आल्यावर प्रयोगशाळेतल्या एका इराणी मित्राने कर्नलच्या सुरुवातीच्या सूचनांमध्ये दोन शब्द लिहून दिले. त्यांचा अर्थ साधारण असा, की ‘एसीपीआयने उजेडाच्या कामात पडू नये.’ मशीन पुन्हा चालू केलं, कळ दाबली आणि उजेड लोण्यासारखा कमी-जास्त व्हायला लागला. मी विचारलं, हे का चाललं? तो म्हणाला, माहीत नाही, पण चालतं.

आता इंजिनिअर माणसाला ‘माहीत नाही, पण चालतं’ हे उत्तर पचत नाही. (खरं तर अर्धं जग त्यावरच चालतं, पण ते पुन्हा कधीतरी.) म्हणून शोधायला बसलो, आणि हाती लागली वीसेक वर्षांच्या भांडणाची गोष्ट. भांडण एवढंच, की लॅपटॉपच्या पडद्यामागचा दिवा मालवायचा कोणी?

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्या घरी पूर्वी असायचे ते डबा मॉनिटर स्वतःच प्रकाश पाडायचे. काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत, आणि तो जिथे आदळेल तिथे उजेड. लॅपटॉपचा एलसीडी पडदा स्वतः अजिबात उजळत नाही. तो म्हणजे लाखो बारीक खिडक्यांची जाळी. उजेड मागच्या दिव्याचा. 2005 च्या सुमारापर्यंत हा दिवा म्हणजे पेन्सिलीहून बारीक फ्लुरोसंट नळी असायची. ती पेटवायला बॅटरीचे दहा-बारा व्होल्ट चढवून शेकडो व्होल्टवर न्यावे लागत. पुढे तिच्या जागी एलईडी आले. गंमत अशी, की मागच्या उजेडातला दहावा हिस्सासुद्धा धडपणे आपल्यापर्यंत पोचत नाही, बाकीचा त्या जाळीतच जिरतो. आणि पडदा काळा दाखवला म्हणून वीज वाचत नाही. खिडक्या बंद, पण आत दिवा ढणाढणा चालूच. अंधाऱ्या खोलीत लॅपटॉपचा ‘काळा’ पडदा बघा, तो राखाडी दिसतो. मालवलेला पडदा वेगळा आणि काळा पडदा वेगळा. सगळ्या गोष्टीचं मूळ या फरकात आहे.

डबा मॉनिटरचा प्रश्न त्या मानाने सोपा होता. 1992 साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने ‘एनर्जी स्टार’ नावाची ऐच्छिक योजना काढली, आणि तिच्यात पहिल्यांदा आले ते संगणक आणि मॉनिटर. एप्रिल 1993 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला, की केंद्र सरकारने असेच संगणक घ्यायचे. एवढं मोठं गिऱ्हाईक म्हटल्यावर कंपन्या धावल्याच. (जुना संगणक चालू करताना कोपऱ्यात दिसणारा तो हिरवा-पिवळा तारा आठवतो? तो हाच.) त्याच वर्षी व्हेसा या संस्थेने डीपीएमएस नावाचं प्रमाण ठरवलं. त्यातली युक्ती फारच साधी आहे. मॉनिटरला चित्राबरोबर दोन ठेके जातात, एक प्रत्येक आडव्या ओळीचा, दुसरा प्रत्येक पूर्ण चित्राचा. पहिला थांबला तर डुलकी घे, दुसरा थांबला तर आणखी गाढ झोप, दोन्ही थांबले तर बंद हो. नवी तार नको, नवा खर्च नको. मॉनिटरला स्वतःचं डोकं होतं, तबला थांबला की तो समजून घ्यायचा.

लॅपटॉपच्या पडद्याला हे डोकं नाही. ती नुसती जाळी आणि नुसता दिवा. इथे कोणीतरी क्रमवार काम करावं लागतं. चालू करताना आधी पडद्याला वीज, मग चित्राचे संकेत, मग दिवा. बंद करताना बरोबर उलट. क्रम चुकला तर पडद्याला इजा होऊ शकते. म्हणजे दिव्याच्या बटणाशी जबाबदार माणूस हवा. तो कोण?

पहिलं उत्तर 1992 चं. इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून एपीएम नावाचा करार केला. त्यात सूत्रं बायोसकडे, म्हणजे मशीनच्या चिपमध्ये कंपनीने भरून ठेवलेल्या प्रोग्रामकडे. हे स्वाभाविकच होतं. दिव्याची तार कुठून कुठे जाते हे मशीन बनवणाऱ्यालाच ठाऊक. ऑपरेटिंग सिस्टिमने फक्त विनंती करायची, ‘सर्व पडदे: बंद’. बाकी बायोस बघेल. शिवाय 1990 च्या 386 एसएल प्रोसेसरपासून इंटेलने बायोसला एक गुप्त दालनच दिलं होतं. बायोस मधूनच प्रोसेसर ताब्यात घेऊन आपलं काम उरकायचा, आणि ऑपरेटिंग सिस्टिमला त्याचा पत्ताही लागायचा नाही.

अडचण अशी, की तार बायोसला माहीत असली तरी माणूस काय करतोय हे त्याला माहीत नव्हतं. दहा मिनिटं कळ दाबली गेली नाही एवढंच त्याला कळायचं. तुम्ही वाचताय, की चार लोकांना काही दाखवताय, की झोपलाय, त्याच्या लेखी सगळं सारखंच. हे थोडंफार ठाऊक होतं ऑपरेटिंग सिस्टिमला. म्हणजे खालच्या मजल्यावर बटण आणि वरच्या मजल्यावर अक्कल.

लिनक्सच्या एपीएम ड्रायव्हरमध्ये पडदा मालवण्याचा एक पर्याय होता. त्याच्याबरोबरची मदतीची टीप मी आजही करमणूक म्हणून वाचतो. तिचा मथितार्थ असा: याने काही लॅपटॉपचा दिवा मालवतो, पण फक्त साध्या अक्षरांच्या स्क्रीनवर. खिडक्यांच्या, म्हणजे एक्सच्या स्क्रीनवर नाही. तुमच्या वीज वाचवणाऱ्या मॉनिटरशी याचा काही संबंध नाही. आणि सगळ्या लॅपटॉपवर चालेल असंही नाही, दिवा मुळीच न मालवता स्क्रीनभर चुकांचे संदेशही येतील. इतकी प्रामाणिक टीप कुठल्याही कंपनीच्या माहितीपुस्तकात मिळायची नाही!

यावर उतारा म्हणून डिसेंबर 1996 मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने एसीपीआय आणलं. कल्पना खरंच सुंदर होती. बायोसने काम करायचं नाही, फक्त वही द्यायची. ‘या मशीनचा उजेड असा कमी करतात’ हे एका ठरावीक भाषेत लिहून ठेवायचं, आणि ऑपरेटिंग सिस्टिमने ती वही वाचून हवं तेव्हा स्वतः काम करायचं. निर्णय वरच्या मजल्यावर, तारांची माहिती खालच्या. 2000 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत खास पडद्यासाठी पानं आली. या मशीनमध्ये उजेडाच्या पायऱ्या कोणत्या, त्यातली कोणती लावायची, वगैरे. त्या यादीतल्या पहिल्या दोन नोंदींचं मला फार कौतुक आहे. पहिली प्लग लावलेला असताना किती उजेड, दुसरी बॅटरीवर असताना किती. कोणीतरी बसून एवढा बारीक विचार केला होता.

मग बिघडलं कुठे? वहीत काय लिहायचं हे ठरलं, पण ती बरोबर लिहिली आहे का हे तपासायचं कसं? कंपन्यांनी तपासणी एकाच पद्धतीने केली: विंडोज चालू करून पाहायचं, चाललं की वही बरोबर. विंडोज काही चुका चालवून घ्यायचं, त्या चुका वहीत तशाच राहायच्या आणि दुसऱ्या कोणी ती वाचली की ठेच लागायची. 2000 नंतरच्या काही वर्षांत लिनक्सवाले लोक आपापल्या लॅपटॉपची ही वही उलगडून, चुका दुरुस्त करून पुन्हा भरायचे. स्वतःच्याच पैशाने घेतलेल्या मशीनच्या वहीतल्या चुका आपणच दुरुस्त करायच्या.

इथे एक जुनी ईमेल सांगायला हवी. 24 जानेवारी 1999 ला बिल गेट्स यांनी सहकाऱ्यांना लिहिलं, की एसीपीआयमधल्या काही गोष्टी विंडोजपुरत्या करता येतील का. आपण कष्ट करायचे आणि लिनक्स आयतं चालायचं, हे त्यांना खटकत होतं. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या खटल्यात ही ईमेल पुरावा म्हणून आली आणि जगासमोर गेली. तिच्यावर पुढे काही अंमल झाला असं तिच्यातून सिद्ध होत नाही, आणि खरं सांगायचं तर तशी गरजही नव्हती. सगळे जर एकाच दारातून आत येऊन तपासणार असतील, तर दुसरं दार मुद्दाम बंद करावं लागत नाही. ते आपोआप गंजतं.

ते गंजलेलं दार उघडलं फावल्या वेळात काम करणाऱ्यांनी. तोशिबाचे लॅपटॉप आतून कसे बोलतात ते जोनाथन बझर्ड यांनी खणून काढलं, आणि त्यावर पुढे जॉन बेलमोंट यांनी लिनक्सचा तोशिबा ड्रायव्हर लिहिला. (एसीपीआयच्या तीन जनकांपैकी एक तोशिबा. त्यांच्याच लॅपटॉपचा उजेड बदलायला एसीपीआयच्या बाहेरचं ज्ञान लागावं, याला काय म्हणायचं?) 2004 साली बोरिस्लाव्ह दियानोव्ह यांनी आयबीएमच्या थिंकपॅडसाठी ड्रायव्हर लिहिला. पुढे तो ब्राझीलच्या एन्रिके होल्शू यांच्याकडे आला. मॅथ्यू गॅरेट यांनी एक छोटं साधन केलं, जे पडदा मालवायला थेट ग्राफिक्स कार्डाच्याच बायोसला हाक मारायचं. अशी डझनावारी साधनं होती. प्रत्येक कंपनीचा जिना वेगळा, प्रत्येक जिन्याचं बटण वेगळ्या भिंतीवर.

हे सगळं वाचताना मला सारखं वाटत होतं, की एकाच माणसाने पडदा, बायोस आणि ऑपरेटिंग सिस्टिम तिन्हींचा एकत्र विचार केला तर? तेही झालं होतं, आणि त्याचं एक टोक आपल्याकडे होतं.

2005 साली एमआयटीचे निकोलस नेग्रोपाँटी यांनी गरीब देशांतल्या मुलांसाठी स्वस्त लॅपटॉपची कल्पना मांडली. त्या एक्सओ लॅपटॉपचा पडदा मेरी लू जेप्सन यांनी घडवला. साडेसात इंचांचा हा पडदा मागचा दिवा मालवल्यावरही उन्हात काळा-पांढरा दिसत राहायचा, छापील पानासारखा. दिवा मालवल्यावर पडदा एका वॅटच्या दहाव्या भागावर चालायचा. आणि खरी करामत त्याच्या मागे होती. तिथे डीकॉन नावाची एक छोटी चिप होती. स्क्रीनवरचं चित्र हलत नसेल तर ती चित्र स्वतःकडे धरून ठेवायची, पडद्याला दाखवत राहायची, आणि तोवर मुख्य प्रोसेसर झोपायला मोकळा. मूल धडा वाचतंय, पडदा चालू, आणि संगणक मात्र झोपलेला! या मशीनला एसीपीआयची परकी वही नव्हतीच. बायोसच्या जागी मिच ब्रॅडली यांचं ओपन फर्मवेअर होतं, आणि सॉफ्टवेअरची धुरा होती जिम गेटिस यांच्याकडे, म्हणजे एक्स ही खिडक्यांची व्यवस्था मुळात घडवणाऱ्यांपैकी एकाकडे. वरचा मजला आणि खालचा मजला एकाच घराचे. अडचणी तिथेही आल्या, ही झोप-जाग सुरळीत व्हायला वेळ लागला. पण बटण कोणाचं, हे भांडण नव्हतं.

भारत सरकारच्या शिक्षण खात्याने 2006 मध्ये हा लॅपटॉप नाकारला. तरी 2007 साली रायगड जिल्ह्यातल्या खैरात या लहानशा वस्तीवरच्या शाळेत तो मुलांच्या हाती आला. मी तेव्हा सांगलीत इंजिनिअरिंगला होतो. त्या काळातलं भारनियमन ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको, की उजेडावर खर्च होणारा एकेक वॅट काय किमतीचा होता. आमचा हॉस्टेलमधला संगणक वीज गेली की ‘फट्’ करून बंद पडायचा, आणि असाइनमेंट त्याच्याबरोबर जायची. त्या प्रकल्पातून शिक्षण किती झालं यावर भरपूर वाद आहेत, ते असोत. मी फक्त पडद्याबद्दल बोलतोय. वीज नसलेल्या घराचा विचार करून बनवलेला तो पडदा माझ्यापासून काही तासांच्या अंतरावर होता आणि मला ते ठाऊकही नव्हतं. पुढे 2011 मध्ये लॅपटॉपच्या पडद्यांच्या प्रमाणातही चित्र पडद्याकडेच धरून ठेवायची सोय आली, आणि मग ती महागड्या लॅपटॉपमध्ये दिसू लागली.

आता पुन्हा आपल्या बसकडे.

लिनक्समध्ये 2009 च्या सुमारास मोठा बदल झाला. तोवर ग्राफिक्स कार्डाशी बोलायचं बरंचसं काम कर्नलच्या बाहेर बसलेल्या एक्सकडे होतं, ते कर्नलमधल्या ड्रायव्हरकडे यायला लागलं. हा ड्रायव्हर कोणाची वही न वाचता दिवा थेट हाताळू शकत होता. म्हणजे आता एका दिव्याला दोन बटणं झाली, एक एसीपीआयच्या वहीतलं, एक ड्रायव्हरच्या हातातलं. (कधीकधी कंपनीच्या ड्रायव्हरचं तिसरंही!)

त्यात विंडोज 8 आलं. त्याने नियम केला, की वहीत उजेडाच्या पायऱ्या 101 हव्यात, शून्य ते शंभर. पण प्रत्यक्षात तिथे दिवा हाताळायचं काम ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडेच जाऊ लागलं. मशीन सुरू होताना वही विचारते, ‘तू विंडोज 8 आहेस का?’ आणि लिनक्स काय उत्तर देतं? ‘हो!’ हे खोटं नाइलाजाचं आहे. ‘नाही’ म्हटलं तर वहीतला जो भाग उघडतो, तो कोणी कधी तपासलेलाच नसतो. 2007 पासून तर ‘तू लिनक्स आहेस का?’ या प्रश्नालाही लिनक्स सहसा ‘नाही’च म्हणतं. कारण त्या उत्तरावर कंपन्या जे करायच्या त्याने भलं कमी आणि घोटाळेच जास्त व्हायचे.

तर माझ्या लॅपटॉपच्या वहीने विचारलं, लिनक्स ‘हो’ म्हणालं, वही निश्चिंत झाली: हा विंडोज 8 आहे, दिवा याचा हा बघून घेईल. तिकडे लिनक्स वहीतली 101 पायऱ्यांची यादी वाचून ‘शून्य पायरी लाव’ असं इमानदारीत वहीलाच सांगत राहिलं. पट्टी खाली सरकली, दिवा ढिम्म. वरचे म्हणाले खालचे मालवतील, खालचे म्हणाले वरचे. शिकागोच्या बसमध्ये माझ्या शेजारच्या बाई मिरजेच्या जिन्यामुळे जाग्या होत्या!

त्याच 2013 सालच्या उन्हाळ्यात लिनक्सवाल्यांनी अशा मशीनवर वहीला बाजूला सारायचा प्रयत्न केला होता. पण काही लॅपटॉपवर उलट चालणारा उजेड बंद पडला, आणि तो बदल मागे घ्यावा लागला. 2014 मध्ये पुन्हा काळजीपूर्वक तोच मार्ग धरला, आणि तो टिकला. तरीही एका दिव्याला दोन-तीन बटणं समोर यायचा प्रकार उरलाच होता. तो हान्स द खूडा यांनी 2022 मध्ये निस्तरला. एका पडद्याला एकच बटण दिसेल, आणि ते कोणाचं हे कर्नल आधीच ठरवेल.

मोजून पाहिलं तर 1992 ते 2022, तीस वर्षं. ‘दिवा मालव’ एवढ्या दोन शब्दांच्या आज्ञेसाठी.

मी आता संशोधन करतो ते वेगळ्या विषयात, पण तिथेही दोन संघांच्या मधल्या सीमेवर असंच काहीतरी रोज दिसतं. कागदावरचा करार उत्तम असतो. दोन्ही बाजूंची माणसं हुशार असतात. तरीही करारात लिहिलेलं सगळं चालत नाही, त्यातलं जेवढं रोज कोणीतरी तपासतं तेवढंच चालतं. आणि जे तपासणीच्या बाहेर राहिले, त्यांच्यासाठी कोणीतरी रात्री जागून एक ड्रायव्हर लिहितो. त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. आपण कळ दाबतो, उजेड कमी होतो, आणि आपण झोपी जातो.

तो लॅपटॉप आता सांगलीला बाबांकडे आहे. पेपर वाचायला आणि माझ्याशी व्हिडिओवर बोलायला त्यांना पुरतो. मागच्या खेपेला घरी गेलो तेव्हा त्यावर नवीन लिनक्स टाकलं आणि सुरुवातीच्या सूचनांमधले मित्राने लिहून दिलेले ते दोन शब्द खोडून टाकले. आता त्यांची गरज नव्हती. रात्री बाबांनी कळ दाबून बघितली, उजेड खाली आला. ‘काय केलंस रे?’ त्यांनी विचारलं.

‘काही नाही बाबा,’ मी म्हटलं. ‘होतं ते काढलं.’